पान्हा कोणाच्या ताब्यात?

पुणे–नाशिक आणि कल्याण–अहिल्यानगर हे दोन महामार्ग जुन्नर तालुक्यात जिथे एकमेकांना छेदतात, ते ठिकाण म्हणजे आळेफाटा. कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांचे पाणी या परिसरात आले, पाण्यामागून ऊस आणि हिरवा चारा आला, आणि चाऱ्यामागून दुभती जनावरे वाढली. जवळच्या आळे गावात एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले, तोच हा रेडा अशी श्रद्धा आहे. रेड्याला हा मान मिळाला. त्याच्या कुळातल्या म्हशीकडे मात्र दुग्धशास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले.

या भागातल्या शाळेत एखाद्या मुलाला विचारा. तो सांगेल की संकरित गाय वासरू जवळ नसले तरी धार देते, यंत्र लावले तरी देते. म्हशीचे तसे नाही. पारडू आधी सोडावे लागते, आंबोण पुढे ठेवावे लागते, आणि नेहमीचे माणूस परगावी गेले असेल तर ती दुसऱ्याच्या हाताला दाद देत नाही. कास भरलेली दिसते, पण सडातून दूध येत नाही. आपण म्हणतो, म्हशीने पान्हा चोरला.

मराठीत ‘दूध’ आणि ‘पान्हा’ हे दोन वेगळे शब्द आहेत. दूध म्हणजे वस्तू, आणि पान्हा म्हणजे ती वस्तू सोडण्याची क्रिया. दूध तयार होणे वेगळे आणि ते बाहेर सोडणे वेगळे, हा भेद आपल्या गोठ्यातल्या भाषेने केव्हाच केला होता. विज्ञानाला तो नीट सिद्ध करायला विसावे शतक उजाडावे लागले. तोवर अनेक जाणकारांची समजूत अशी होती की, बहुतेक दूध धार काढत असतानाच तयार होते. एवढे दूध एवढ्याशा कासेत आधीपासून मावेलच कसे?

दुधासंबंधी तीन प्रश्न विचारता येतात. दूध सोडायचे केव्हा, हे कोण ठरवते? किती तयार करायचे, हे कोण ठरवते? आणि ते कसले असावे, पातळ की दाट, हे कोण ठरवते? आई, की पिणारे पिल्लू? साध्या दुभत्या गायीत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली असतात. ती वेगळी करण्यासाठी शास्त्रज्ञांना कांगारू, सील आणि मानेवर कास असलेली शेळी, अशा चमत्कारिक प्राण्यांकडे जावे लागले. तो इतिहास आपण पाहू.

फुंकणीची विद्या

प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी माणसाने पान्हा जबरदस्तीने काढून घेण्याची युक्ती शोधली होती. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील शक लोकांचे वर्णन केले आहे. हे लोक घोडीच्या योनिमार्गात हाडाच्या नळीने हवा फुंकत आणि त्याच वेळी दुसरा माणूस तिचे दूध काढी. घोडी हीसुद्धा म्हशीसारखीच शिंगराशिवाय पान्हा न सोडणारी.

हीच क्रिया आपल्या देशात ‘फुका’ या नावाने चालत असे. मोठ्या शहरांतल्या तबेल्यांत जागा आणि चारा महाग. वासरू किंवा पारडू जगवायचे म्हणजे त्याच्या पोटात विकाऊ दूध घालायचे. त्यामुळे ते मरू दिले जाई, आणि मग पान्हा चोरणाऱ्या जनावरावर फुक्याचा प्रयोग होई. कलकत्त्याच्या गोठ्यांतील या छळाची वर्णने दक्षिण आफ्रिकेत असलेल्या गांधीजींच्या वाचनात आली. १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले, त्यामागे आहाराविषयीच्या त्यांच्या विचारांबरोबर हेही एक कारण होते.

या व्रताचा पुढचा प्रसंग महाराष्ट्रात घडला. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातील कामानंतर गांधीजी आमांशाने अतिशय खंगले. हवापालटासाठी ते माथेरानला गेले, पण तिथले पाणी त्यांना मानवले नाही. ते मुंबईला परतले. जानेवारी १९१९ मध्ये डॉ. दलाल यांनी त्यांच्यावर मूळव्याधीची शस्त्रक्रिया केली आणि दूध घेतल्याशिवाय अंगात रक्त भरणार नाही असे सांगितले. गांधीजींनी फुक्याची गोष्ट सांगून नकार दिला. तेव्हा कस्तुरबा म्हणाल्या की, मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, एवढ्या आधारावर गांधीजींनी ते मान्य केले. आपण व्रताचे शब्द पाळले पण आशय मोडला, ही टोचणी मात्र त्यांनी पुढे आत्मकथेत प्रांजळपणे नोंदवली आहे.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने कस्तुरबांची सूचना फार नेमकी होती. शेळीला फुक्याची गरज सहसा पडतच नाही. का, ते थोड्याच वेळात दिसेल.

मांजर, कागदी पिशव्या आणि गाय

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. मराठीत तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. ‘पीयूष’ याचा अर्थ अमृत, पण संस्कृतात नुकत्याच व्यालेल्या गायीच्या दुधालाही, म्हणजे आपल्या चिकालाही, पीयूष म्हणतात. नाव देणाऱ्यांच्या मनात काहीही असो, ते समर्पक ठरले.

१९०६ साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी दाखवले की, या ग्रंथीच्या मागच्या भागाच्या अर्काने मांजरीचे गर्भाशय आकुंचन पावते. १९१० मध्ये अमेरिकेत आयझॅक ऑट आणि जॉन स्कॉट यांनी तोच अर्क दुभत्या शेळीला टोचला, तेव्हा दूध वाहू लागले. १९१५ मध्ये इलिनॉय येथील गेन्स यांनी आग्रहाने मांडले की, दूध स्रवणे आणि ते बाहेर ढकलले जाणे या दोन निराळ्या क्रिया आहेत.

निर्णायक प्रयोग १९४१ सालचा. मिनेसोटा विद्यापीठात इली आणि पीटरसन यांनी गायीच्या कासेच्या एका बाजूच्या नसा तोडल्या. धार काढण्यापूर्वी सड चोळले, तेव्हा पान्हा दोन्ही बाजूंना आला. नसा नसलेल्या बाजूला निरोप पोचला तो रक्तातूनच असणार. मग त्यांनी गायीला घाबरवले: तिच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी एक कागदी पिशवी फोडली. पान्हा अडला. भीतीमुळे रक्तात येणारे अ‍ॅड्रिनॅलिन पान्ह्याच्या आड येते, असे त्यांनी सांगितले. भीतीने मेंदूकडून संप्रेरक सुटणेच थांबते, हे पुढे कळले. ‘धार काढताना ओरडू नये’ या घरोघरीच्या सूचनेला हा प्रयोगाचा आधार.

हे संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन. केवळ नऊ अमिनो आम्लांची साखळी. १९५३ मध्ये व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत तयार केले, आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

आता यंत्रणा पाहू. कासेत दूध तयार होते ते असंख्य सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे कूपिकांत. प्रत्येक कूपिकेभोवती स्नायूंसारख्या पेशींचे जाळे असते. पारडू सडाला ढुसण्या देते, निरोप नसांतून मेंदूकडे जातो, मेंदू पीयूषिकेतून ऑक्सिटोसिन रक्तात सोडतो, ते कासेत पोचते आणि जाळे आवळले जाते. दूध कूपिकांतून नलिकांत, तिथून सडावरच्या पोकळीत उतरते. या पोकळीला आपण टाकी म्हणू. फुक्यातही हीच वाट वापरली जाते, फक्त सुरुवात दुसरीकडून होते. विताना योनिमार्ग आणि गर्भाशयाचे मुख ताणले गेले की मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो. १९४१ मध्येच फर्ग्युसन यांनी सशांवर हे अभ्यासले. फुंकलेली हवा तोच ताण निर्माण करते. जनावराच्या शरीराला वाटते, आपण वीत आहोत.

जनावराजनावरांतला फरक या टाकीत आहे. शेळीची टाकी मोठी. दोन धारांच्या मधल्या वेळात तिचे निम्म्याहून अधिक दूध आपोआप टाकीत उतरलेले असते, त्यामुळे पान्हा न सोडताही ते पिळून काढता येते. गायीत साधारण पाचवा हिस्सा टाकीत असतो. म्हशीत हे प्रमाण जेमतेम पाच टक्के आहे. बाकी सारे कूपिकांत अडकलेले. म्हणून पान्हा नाही तर दूध नाही. शिवाय म्हशीला पान्हा सोडायला वेळही गायीपेक्षा जास्त लागतो. म्हैस हट्टी नाही. तिच्या कासेची रचनाच वेगळी आहे. युरोपीय गायीवर बेतलेल्या पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने आपल्या दारातली म्हैस हाच एक ‘वेगळा’ सस्तन प्राणी आहे.

आळेफाट्याच्या संकरित गायी वासराशिवाय दूध देतात, याचेही कारण इतिहासात आहे. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वासरू दूर ठेवून धार देणाऱ्या गायींचीच पैदास केली गेली. तो स्वभाव होल्स्टीन आणि जर्सी वळूंच्या रक्तातून इकडे आला. गांधीजींनी १९४६ मध्ये उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला. तिथे राहून काम करणारे मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली, आणि संकरित गायींच्या प्रसारात या संस्थेचा मोठा वाटा आहे. फुक्यामुळे दूध सोडणाऱ्या माणसाच्या आश्रमातूनच, फुक्याची गरज नसलेल्या गायींचा प्रसार करणारे कार्यकर्ते पुढे आले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. दूध सोडण्याचा हुकूम आईचा मेंदू देतो, पण तो द्यायला लावते पिल्लू. उरले दोन प्रश्न: किती, आणि कसले?

एका पिशवीत दोन दुधे

दूध तयार करण्यासाठीही पीयूषिकेचाच हुकूम लागतो, हे १९२८ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे स्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी सशांवर दाखवले. पीयूषिकेच्या पुढच्या भागाच्या अर्काने दूध येऊ लागले. त्यातल्या संप्रेरकाला नाव मिळाले ते मात्र पारव्यांच्या कुळामुळे. कबुतराची नर-मादी जोडी पिल्लांना आपल्या गळ्यातील पिशवीत तयार होणारा दाट पदार्थ भरवते. तो पदार्थ ज्याच्यामुळे तयार होतो, त्या संप्रेरकाला ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी ‘प्रोलॅक्टिन’ म्हटले.

प्रोलॅक्टिन रक्तातून फिरते. रक्त सगळ्या कासेला सारखेच मिळते. मग सारे दूध सारखेच असायला हवे. या तर्काला कांगारूने छेद दिला.

कांगारूचे पिल्लू जन्मते तेव्हा एक ग्रॅमही वजनाचे नसते. ते आईच्या पोटावरच्या पिशवीत चढते, चारांपैकी एका सडाला चिकटते आणि तिथेच महिनोन्‌महिने वाढते. तांबड्या कांगारूत याच काळात आधीचे मोठे पिल्लू पिशवीबाहेर हिंडत असते आणि मधूनमधून डोके आत घालून आपल्या जुन्या सडाला पिते. म्हणजे शेजारशेजारच्या दोन सडांवर दोन वयांची भावंडे. १९७२ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्व्हिन ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी तांबड्या कांगारूच्या दुग्धग्रंथी आणि दुधातली स्निग्धाम्ले तपासली. नवजाताच्या सडाचे दूध वेगळे निघाले आणि मोठ्याचे वेगळे. धाकट्याचे पातळ, थोरल्याचे स्निग्ध. आई एक, रक्त एक, संप्रेरके तीच. पण दुधे दोन.

पान्ह्याचाही प्रश्न होता. धाकटे पिल्लू सतत चोखत असते. त्याच्यासाठी सुटलेल्या संप्रेरकाने थोरल्याच्या सडातले दूध वाया का जात नाही? १९८१ मध्ये डेनिस लिंकन आणि मेरिलिन रेनफ्री यांनी चपळ वॉलबी या कांगारूच्या नातलगावर काम करून याचे उत्तर दिले. धाकट्याची ग्रंथी संप्रेरकाच्या अगदी सूक्ष्म मात्रेलाही प्रतिसाद देते. थोरल्याची ग्रंथी मोठ्या मात्रेशिवाय हलत नाही. धाकट्याच्या बारीक चोखण्याने सूक्ष्म मात्रा सुटते आणि फक्त त्याचे दूध उतरते. ऑस्ट्रेलियातील या शिशुधान प्राण्यांत ऑक्सिटोसिनऐवजी त्याचे भावंड असलेले मेसोटोसिन असते. दोन्हींत फक्त एका अमिनो आम्लाचा फरक आहे.

म्हणजे मेंदूचा हुकूम सर्वांना एकच, पण प्रत्येक ग्रंथी तो आपापल्या अवस्थेप्रमाणे ऐकते. मग ही अवस्था कोण ठरवते? चोखणारे पिल्लू की ग्रंथीचे स्वतःचे घड्याळ? मेलबर्न येथील रेनफ्री, केव्हिन निकोलस आणि सहकाऱ्यांनी टॅमार वॉलबीची लहान पिल्ले काढून, पाजण्याच्या पुढच्या टप्प्यावर असलेल्या दायांच्या पिशवीत ठेवली. २००३ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. लहान पिल्लू पीत असूनही दूध मागच्या टप्प्याचे झाले नाही. ते आपल्या ठरलेल्या क्रमाने पुढेच जात राहिले, आणि दत्तक पिल्ले त्या दाट दुधावर नेहमीपेक्षा लवकर वाढली. दूध कसले, हे निदान या प्राण्यात आईच्या ग्रंथीचे घड्याळ ठरवते, पिल्लाची मागणी नव्हे.

मानेवर कास

राहिला ‘किती’ हा प्रश्न. तो दूध उत्पादकाच्या सर्वांत जिव्हाळ्याचा, आणि त्याचे उत्तर शेळीने दिले. पण ही शेळी साधी नव्हती.

केंब्रिजजवळील बाब्राम येथे लिंझेल यांनी १९६०च्या दशकात शेळीची दुग्धग्रंथी मूळ जागेवरून काढून तिच्या मानेवर बसवली आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडली. नसांचा काहीही संबंध नसताना ती ग्रंथी दूध देत राहिली. दूध तयार करण्यासाठी नसा लागत नाहीत, रक्त पुरते.

यापुढचे काम स्कॉटलंडमधील एअर येथील हॅना संशोधन संस्थेत झाले. १९८०च्या दशकात हेंडरसन, पीकर आणि सहकाऱ्यांनी शेळीच्या कासेची एक बाजू दिवसातून दोनदा पिळली आणि दुसरी तीनदा. तीनदा पिळलेल्या बाजूचेच दूध वाढले. संप्रेरकांमुळे वाढले असते तर दोन्ही बाजूंचे वाढायला हवे होते. म्हणजे कासेतली प्रत्येक ग्रंथी स्वतःचा हिशोब स्वतः ठेवते. पण कशाच्या आधारे? भरलेल्या कासेचा दाब जाणवून? ते तपासण्यासाठी त्यांनी एक सुंदर प्रयोग केला. जादा वेळचे दूध काढून घेतले आणि तेवढेच साखरेचे द्रावण परत आत भरले. दाब तसाच राहिला, तरीही दूध वाढले. दाब हे कारण नव्हते. दुधात असलेला कोणतातरी पदार्थच ‘आता पुरे’ असा निरोप देत होता. दूध काढले की तो पदार्थ जातो, साचू दिले की तोही साचतो.

या निरोप्याची ओळख पटवण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालले. १९९०च्या दशकात दुधातल्या एका प्रथिनाकडे बोट दाखवले गेले. नंतरच्या काळात ग्रंथी स्वतः तयार करत असलेल्या सेरोटोनिनकडे लक्ष वळले. निरोप्याच्या नावाबद्दल वाद असला तरी निरोपाबद्दल नाही: जे घेतले जाते तेच पुन्हा तयार होते.

न पिळताही न आटणारी

या नियमाला अपवाद करणारा प्राणी म्हणजे फर सील. गायीची धार काही दिवस काढली नाही तर ती आटू लागते, हे आपण जाणतो. साचलेल्या दुधाचा ‘पुरे’ हा निरोप लांबला की ग्रंथीतल्या पेशी काम थांबवतात आणि नष्टही होऊ लागतात. फर सीलची मादी मात्र पिल्लाला किनाऱ्यावर ठेवून मासे खायला समुद्रात जाते. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील अ‍ॅम्स्टरडॅम बेटावर तर हिवाळ्यात अशी एक फेरी तीन-चार आठवडे चालते. एवढे दिवस कोणी न पिताही ती आटत नाही. परत येते, पिल्लू शोधते आणि पाजते. तिच्या दुधात चाळीस टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो.

हे कसे साधते? फर सीलच्या दुधात दुग्धशर्करा जवळजवळ नसतेच. ही शर्करा तयार करण्यासाठी अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचे प्रथिन लागते, आणि फर सीलमध्ये त्याचा जनुक कामाचा राहिलेला नाही. दुग्धशर्करा पाणी ओढून घेते आणि दुधाचे आकारमान वाढवते. ती नसल्यामुळे दूध थोडे आणि दाट. निकोलस यांच्या गटाने आणखी एक शक्यता मांडली. याच प्रथिनाचा पेशी नष्ट होण्याशीही संबंध असावा, आणि ते नसल्यामुळेच सीलची ग्रंथी रिकामी न होताही तग धरत असावी. हे अनुमान आहे, पण ‘कास का आटते’ या प्रश्नाला त्याने नवी दिशा दिली.

दुसरे टोक हूडेड सीलचे. उत्तर अटलांटिकमधल्या वितळणाऱ्या हिमखंडांवर ही मादी विते. हिमखंड केव्हा फुटेल याचा भरवसा नाही. म्हणून तिने पाजण्याचा सारा काळ चार दिवसांवर आणला आहे. १९८५ मध्ये बोवेन, ऑफ्टेडाल आणि बोनेस यांनी त्याची मोजमापे दिली. सुमारे साठ टक्के स्निग्धांशाच्या दुधावर साधारण बावीस किलोंचे पिल्लू चार दिवसांत जवळजवळ दुप्पट होते.

आणि पान्हा ही युक्ती मुळात किती जुनी? १७९९ मध्ये जॉर्ज शॉ यांनी बदकचोच्या प्लॅटिपसचे वर्णन केले, तेव्हा युरोपातले अभ्यासक चक्रावले. १८२४ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ मेकेल यांनी त्याच्या मादीत दुग्धग्रंथी असल्याचे जाहीर केले. सडच नाहीत, तर या दुग्धग्रंथी कशा, असा वाद फ्रान्समधून निघाला. १८८४ मध्ये कॉल्डवेल यांनी हे प्राणी अंडी घालतात हे निर्विवाद सिद्ध केले. अंडी घालणारे आणि तरीही दूध पाजणारे! दूध त्वचेवर पाझरते आणि पिल्लू ते चोखून घेते. पुढे १९६०च्या दशकात ग्रिफिथ्स यांनी त्याच्या नातलगाला, म्हणजे काटेरी एकिड्नाला, ऑक्सिटोसिन टोचून दूध गोळा केले. सड उत्क्रांत होण्यापूर्वीच पान्हा होता.

गोठ्यातला हिशोब

या साऱ्याचा आळेफाट्याच्या दूध उत्पादकाला काय उपयोग? आमच्या मते, बराच आहे. कारण दुधाचा भाव स्निग्धांशावर ठरतो, आणि स्निग्धांशाचा पान्ह्याशी थेट संबंध आहे.

धारेच्या सुरुवातीचे दूध पातळ असते आणि शेवटचे सर्वांत स्निग्ध. पान्हा अर्धवट सुटला तर मागे उरते ते हेच महागाचे दूध. घाईने, मारून, ओरडून काढलेल्या धारेत दुहेरी तोटा आहे: आज फॅट कमी लागते, आणि उरलेले दूध ‘पुरे’ हा निरोप देत राहिल्यामुळे उद्याचे दूधही घटते. रक्तातले ऑक्सिटोसिन काही मिनिटांतच ओसरते. म्हणून पान्हा आल्यावर धार मध्ये न थांबता पूर्ण करावी. खुराक पुरेसा असेल तर भरपूर दूध देणाऱ्या गायीची दिवसातून तिसरी धार फायद्याची ठरते, तेही याच कारणाने. गाभण गायीला विण्यापूर्वी दोन महिने आटवतात, तेव्हा आपण हाच निरोप मुद्दाम साचू देतो.

आणि इंजेक्शन? फुक्याची नळी गेली आणि तिची जागा ऑक्सिटोसिनच्या बाटलीने घेतली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याचे बारावे कलम फुक्याला गुन्हा ठरवते, आणि दूध वाढवण्यासाठी जनावराच्या आरोग्याला अपायकारक असे इंजेक्शन देणेही त्यात येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैदेची आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने देशात वापरायच्या ऑक्सिटोसिनचे खाजगी उत्पादन बंद करण्याचा आदेश काढला होता. पण बाळंतपणातील रक्तस्राव थांबवून स्त्रियांचे प्राण वाचवणारे हे औषध आहे. ते दुर्मीळ होण्याचा धोका लक्षात घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरात तो आदेश रद्द केला. पशुवैद्याला हे औषध खरोखर लागते. प्रश्न रोजच्या वापराचा आहे. जनावर स्वतः पान्हा सोडत असेल तर इंजेक्शनाने नवे दूध निर्माण होत नाही. कासेत उरलेले तेवढे बाहेर येते. रोज टोचत गेले की ग्रंथी त्या मोठ्या मात्रेला सरावते आणि मग जनावर त्याशिवाय पान्हा सोडेनासे होते. चपळ वॉलबीची थोरली ग्रंथी आठवा: ती लहान मात्रा ऐकतच नाही. गिऱ्हाइकाला वाटणारी भीती मात्र निराळी आहे. ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची छोटी साखळी. प्यायलेल्या दुधातून ती आलीच तर पोटात इतर प्रथिनांसारखी पचते. खरी किंमत मोजते ती म्हैस.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. दुभते जनावर घरी असलेल्या विद्यार्थ्यांनी एकाच धारेचे पहिले आणि अगदी शेवटचे थोडे दूध वेगळ्या स्वच्छ बाटल्यांत आणावे आणि संकलन केंद्रावर दोन्हींची फॅट तपासून घ्यावी. दुसऱ्या गटाने पंधरा दिवस सकाळचे व संध्याकाळचे दूध आणि दोन धारांमधले तास यांची नोंद ठेवावी. दर तासाला किती दूध तयार झाले याचा आलेख काढावा. तिसऱ्या गटाने सड चोळायला सुरुवात केल्यापासून पान्हा येईपर्यंत किती वेळ लागला, ते गाय, म्हैस आणि शेळी यांच्यात घड्याळ लावून मोजावे. पारडू सोडलेल्या आणि न सोडलेल्या दिवसांची तुलनाही करता येईल. यासाठी लागते फक्त घड्याळ, माप आणि वही.

आई की पिल्लू, या प्रश्नाचे उत्तर शेवटी वाटणीचे निघते. कसले दूध द्यायचे याचे घड्याळ आईकडे. किती द्यायचे याचा हिशोब, घेणारा किती घेतो त्यावर. आणि सोडायचे केव्हा, हे दोघांच्या संमतीने. माणूस या व्यवहारात पिल्लाच्या जागी येऊन बसला आहे. शेकडो पिढ्या त्याने नळीने, भुसा भरलेल्या वासराने किंवा सुईने आईला फसवण्याचा प्रयत्न केला. ज्या हाताला म्हैस ओळखते, त्या हाताने पारडू सोडून, सड धुऊन, शांतपणे काढलेली धार मात्र तिला फसवत नाही, आणि गेल्या शंभर वर्षांचे संशोधन सांगते की, फॅटही तीच जास्त देते.